कैद्याची फिर्याद



तुरुंगांतल्या माणसाची कैफियत मांडूं लागलें कीं कांहीं मंडळी नाक मुरडतात. म्हणतात, चोरदरोडेखोरांचा कैवार कशाला? मी कैवार घेत नाहीं. एका फिर्यादीची हकीकत तेवढी सांगतों.

अमेरिकेच्या लुइझियाना राज्यांत अंगोला नांवाचा तुरुंग आहे. पूर्वीं तेथें गुलामांच्या घामावर चालणारा मळा होता. तुरुंगाला नांव त्या मळ्याचेंच. सन १९८३ च्या आक्टोबरांत तेथें हडसन नांवाच्या कैद्याची एका पहारेकऱ्याशीं बाचाबाची झाली. हातांपायांत बेड्या घालून त्याला दुसरीकडे नेतांना एकानें तोंडावर, छातींत, पोटांत ठोसे मारले. दुसऱ्यानें धरून ठेवून मागून लाथा घातल्या. वरचा अधिकारी उभा होता. ‘फार मौज करूं नका,’ एवढेंच तो बोलला. हें माझें तिखटमीठ नव्हे, निकालपत्रांत नमूद आहे!

तोंड सुजलें, दांत हलले, कवळी तडकली. हडसननें दावा लावला. पहिल्या कोर्टानें ८०० डॉलर भरपाई दिली. वरच्या कोर्टानें ती काढून घेतली. मार विनाकारण होता हें त्या कोर्टाला कबूल. पण जखमा किरकोळ, म्हणून दावा नामंजूर! म्हणजे हाड मोडेपर्यंत कैद्यानें वाट पाहावी काय? अखेर २५ फेब्रुवारी १९९२ रोजीं सुप्रीम कोर्टानें सात विरुद्ध दोन मतांनीं ठरविलें कीं, दुष्ट हेतूनें, केवळ इजा करण्यासाठीं बळ वापरलें, तर जखम मोठी नसली तरी घटनेचा भंग होतो. साध्या धक्क्याबुक्क्याला मात्र हें लागू नाहीं.

हा दावा ज्या कायद्याखालीं चालला तो सन १८७१ चा. गुलामी उठली, पण मुक्त झालेल्या काळ्या लोकांना दक्षिणेंत टोळ्या मारीत होत्या आणि तेथील अंमलदार डोळे मिटून बसत. म्हणून सरकारी अधिकाराच्या जोरावर कोणीं हक्क बुडविला तर त्याला कोर्टांत खेंचण्याची वाट काढली. पुढें दोनच वर्षांनीं जोतीरावांनीं ‘गुलामगिरी’ त्याच देशांतल्या सज्जनांना अर्पण केली.

ती वाट सन १९९६ च्या कायद्यानें अरुंद केली. आतां कैद्यानें आधीं तुरुंगाच्याच कचेरींत तक्रार गुदरावयाची. ज्याच्या माणसानें मारलें त्याच्याच दारांत अर्ज! आणि त्या कचेरीची मुदत चुकली तर कोर्टाचें दारही बंद, असें सुप्रीम कोर्टानेंच सन २००६ मध्यें ठरविलें आहे.