विनोदाच्या वर्गात श्रद्धेचा तास



अठराव्या-विसाव्या वर्षी मूल घराचा उंबरठा ओलांडते आणि त्याच्या शेजारी असा कोणी येऊन बसतो, ज्याचा देव वेगळा आहे किंवा ज्याला देवच मान्य नाही. घरात जे न सांगता समजत होते, ते आता शब्दांत सांगावे लागते. ‘तू हे का मानतोस?’ या साध्या प्रश्नापुढे चांगली हुशार मुलेही गांगरतात. एका अमेरिकन विनोदी दूरचित्रवाणी मालिकेने हा प्रसंग मोठ्या मार्मिकपणे रंगवला आहे. आजचा विचार तिच्या निमित्ताने करायचा आहे.

‘कम्युनिटी’ ही ती मालिका. डॅन हार्मन तिचे जनक. सप्टेंबर २००९मध्ये ती एनबीसी वाहिनीवर सुरू झाली आणि २०१५पर्यंत तिचे ११० भाग झाले. कोलोरॅडो राज्यातील ग्रीनडेल हे काल्पनिक कम्युनिटी कॉलेज तिचे घटनास्थळ आहे. अमेरिकेत अशी महाविद्यालये कमी शुल्कात मुख्यतः दोन वर्षांचे शिक्षण देतात. त्यामुळे शाळेतून नुकताच बाहेर पडलेला मुलगा, मोडलेल्या संसारातून सावरणारी गृहिणी आणि वयोवृद्ध धनिक एकाच टेबलाभोवती अभ्यासाला बसतात. हार्मन स्वतः कॅलिफोर्नियातील ग्लेंडेल कम्युनिटी कॉलेजात एका अभ्यासगटात सामील झाले होते. त्या अनुभवातून ही कल्पना सुचली.

१० डिसेंबर २००९ रोजी प्रसारित झालेल्या नाताळच्या भागात हा गट धर्माच्या प्रश्नाशी येऊन थडकतो. शर्ली ही श्रद्धाळू ख्रिस्ती स्त्री. घटस्फोटानंतर तिला हे मित्रच आपले कुटुंब वाटू लागले आहेत. ती हौसेने सर्वांना नाताळचे निमंत्रण देते, आणि तेव्हा तिला कळते की अ‍ॅनी ज्यू आहे, अबेद मुसलमान आहे, ट्रॉय ‘जेहोवाज विटनेस’ पंथाचा आहे, ब्रिटा नास्तिक आहे, जेफ अज्ञेयवादी आहे आणि वृद्ध पिअर्स बुद्धाचे नाव लावणाऱ्या एका संशयास्पद पंथात गुंतला आहे. सहिष्णुतेच्या गोष्टी बोलणाऱ्या शर्लीचा चेहरा पडतो. तिथून विनोद सुरू होतो. दुसऱ्याचा सण तिला मान्य आहे, परंतु तो तिच्या झाडाखाली, तिच्या पद्धतीने साजरा व्हावा अशी तिची अपेक्षा आहे. जेफने एका दांडगटाशी मारामारी केली, तर त्याला सणाला प्रवेश नाही, अशी अटही ती घालते.

याच भागात महाविद्यालयाचे डीन एक वेगळा उपाय करतात. कोणाचे मन दुखावू नये म्हणून ते सणातून धर्मच काढून टाकतात आणि सांताक्लॉजऐवजी ‘मिस्टर विंटर’ होऊन फिरतात. कोणाची तक्रार राहत नाही, पण सणात अर्थही उरत नाही. मालिका इथे दोन्ही टोकांना हसते: आपल्या श्रद्धेचा दुसऱ्यावर भार टाकणाऱ्या शर्लीला, आणि श्रद्धेचा उच्चारच टाळणाऱ्या व्यवस्थेलाही. अखेर शर्लीला उमगते की अटी घालून जमवलेले कुटुंब टिकत नाही. ती जेफच्या पाठीशी उभी राहते आणि मारामारीत सुजलेले चेहरे घेऊन ही मंडळी एकत्र सण साजरा करतात. विशेष म्हणजे यासाठी शर्लीला आपली श्रद्धा सोडावी लागत नाही. ती अधिक उदार होऊन तिच्याजवळच राहते.

ऑक्टोबर २०१०मधील एका भागात हाच धागा पुढे जातो. ख्रिस्ताचा संदेश तरुणांपर्यंत पोहोचावा म्हणून शर्ली अबेदला चित्रपट करायला सांगते. अबेद त्यात इतका रमतो की कॉलेजातील मुले त्यालाच प्रेषित मानू लागतात. मग त्याला कळून चुकते की आपला चित्रपट अगदी टाकाऊ झाला आहे. एकांतात तो देवापुढे सुटकेची याचना करतो आणि शर्ली ती ऐकते. ती चित्रपट उद्ध्वस्त करते आणि सर्वांचा रोष स्वतःवर घेते. मित्राची लाज राखण्यासाठी ती स्वतः हास्यास्पद ठरते. हजार उपदेशांनी जे साधले नसते, ते या एका कृतीने साधते. श्रद्धेची परीक्षा युक्तिवादात होत नाही, आचरणात होते, ही गोष्ट एक विनोदी मालिका अशी सहज सांगून जाते.

मालिकेत उणिवा नाहीत असे नाही. काही विनोद उथळ आहेत आणि कुटुंबाने एकत्र बसून पाहावेत असे नाहीत. सात जणांच्या या गटात हिंदू कोणी नाही. पौर्वात्य विचार येतो तो पिअर्सच्या पंथाच्या रूपाने, म्हणजे केवळ थट्टेचा विषय म्हणून. अबेदची भूमिका करणारे डॅनी पुडी यांचे वडील भारतीय होते, हे लक्षात घेता ही उणीव अधिकच जाणवते.

तथापि प्रश्न मांडण्याची या मालिकेची रीत आपल्याला परकी वाटण्याचे कारण नाही. आपल्या शास्त्रकारांनी पूर्वपक्ष प्रामाणिकपणे मांडल्याशिवाय सिद्धांत सांगितला नाही. चौदाव्या शतकातील माधवाचार्यांचा ‘सर्वदर्शनसंग्रह’ पाहावा. ग्रंथकार वेदान्ती, आणि ग्रंथाचे पहिले प्रकरण मात्र चार्वाकाचे! विरोधी मत ऐकल्याने आपले मत डळमळेल, अशी धास्ती त्या परंपरेला नव्हती.

ही परंपरा आज आपल्या घरांत किती शिल्लक आहे? मुलाने ‘हे व्रत का करायचे?’ असे विचारले, की ‘आपल्याकडे करतात म्हणून’ एवढ्यावर विषय संपतो. मग तेच मूल पुण्याच्या वसतिगृहात किंवा अमेरिकेतील विद्यापीठात जाते, तिथे एखादी अ‍ॅनी, एखादा जेफ त्याला तोच प्रश्न विचारतो आणि त्याच्याजवळ उत्तर नसते. अशा वेळी ते डीनसाहेबांप्रमाणे सारेच झाकून ठेवते, किंवा शर्लीप्रमाणे आक्रमक होते. दोष मुलाचा नसतो. ज्या प्रश्नाला घरात जागा मिळाली नाही, त्याचे उत्तर बाहेर अचानक सुचत नाही.

म्हणून पालकांनी या प्रश्नांना भिऊ नये. रात्री जेवणाच्या ताटावर मुलाने देवाविषयी शंका काढली, तर तिचे स्वागत करावे. उत्तर ठाऊक नसेल तर दोघांनी मिळून ते शोधावे आणि जमल्यास स्वतःवर थोडे हसावेही. असे मूल उद्या दुसऱ्याच्या श्रद्धेचे ऐकून घेऊ शकेल आणि स्वतःची न संकोचता सांगूही शकेल.