मुलीची पुंजी : बचत खात्यातून समृद्धी खात्याकडे

(एका ग्रामीण प्राथमिक शाळेच्या पालक-शिक्षक मेळाव्यात केलेले भाषण)



प्रसिद्धी अधिकारी भाषणाला उभा राहिला की तो योजनांची यादी वाचणार, अशी श्रोत्यांची समजूत असते आणि ती बहुधा खरी ठरते. आज मात्र मी एकाच गोष्टीविषयी बोलणार आहे. आपल्या मुलीच्या नावे टपाल कार्यालयात जे साधे बचत खाते आहे, त्यातील पैसा सुकन्या समृद्धी खात्यात न्यावा काय, आणि न्यायचा तर किती व केव्हा?

या खात्यांत पैसा कोठून येतो, हे आपण जाणता. चतुर्थीला मामा-मावशींनी हातावर ठेवलेल्या नोटा, उन्हाळ्यात डोंगरावर वेचलेल्या काजूबियांचे पैसे, एखादी शिष्यवृत्ती. रक्कम थोडी असते, पण ती मुलीची असते. अज्ञान मुलाच्या खात्यातून पैसे काढताना पालकाला एका दाखल्यावर सही करावी लागते : ही रक्कम त्या मुलाच्याच उपयोगासाठी हवी आहे, मूल हयात आहे आणि अद्याप अज्ञान आहे. माझ्या लहानपणी वडिलांना ही सही करताना मी पाहिले आहे. त्या पावसाळ्यात आमच्या घराचे छप्पर गेले होते. छपराखाली मीही राहत होतो, तेव्हा सही खोटी होती असे म्हणवत नाही. पण ती करण्यापूर्वी वडील बराच वेळ लेखणी हातात धरून उभे होते, एवढे आठवते.

आता हिशेबाकडे वळू. टपालाच्या साध्या बचत खात्यावर द. सा. द. शे. ४ व्याज मिळते. सुकन्या समृद्धी योजना २०१५ च्या जानेवारीत सुरू झाली. तिचा व्याजदर सरकार दर तिमाहीस ठरवते; २०२० मध्ये तो ७.६ टक्के झाला, जानेवारी २०२४ पासून ८.२ टक्के झाला. दहा हजार रुपये २१ वर्षे ४ टक्क्यांनी ठेवले तर त्यांचे सुमारे २२,८०० होतात, ८.२ टक्के दर कायम राहिला असे धरल्यास सुमारे ५२,३००. दर कायम राहीलच असे कोणी छातीठोकपणे सांगू नये, आणि मीही सांगत नाही. तथापि अंतर मोठे आहे.

या अंतराची किंमतही आहे. समृद्धी खात्यातील पैसा मनात येईल तेव्हा काढता येत नाही. खाते उघडल्यापासून २१ वर्षांनी ते मुदतपूर्ण होते. मुलगी दहावी उत्तीर्ण झाल्यावर किंवा अठरा वर्षांची झाल्यावर तिच्या शिक्षणासाठी मागील आर्थिक वर्षाअखेरच्या शिलकेच्या निम्म्यापर्यंत रक्कम मिळते. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर विवाहानिमित्त खाते बंदही करता येते. छप्पर उडाले म्हणून मात्र मिळत नाही. ज्या घरात मुलीच्या पासबुकाखेरीज दुसरी शिल्लकच नाही, त्या घराने सगळी रक्कम उचलून तेथे ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वर्षाला किमान २५० रुपये भरावे लागतात, तेही पंधरा वर्षे. तेवढ्यावर खाते जिवंत राहते. कमाल मर्यादा वर्षाला दीड लाखाची आहे. एखाद्या वर्षी भरणा चुकला तर ५० रुपये दंडासह तो भरून खाते पुन्हा सुरळीत करता येते.

वयाच्या बाबतीत मात्र सवलत नाही. मुलगी दहा वर्षांची होण्यापूर्वीच हे खाते उघडावे लागते. गंमत अशी की, याच दहाव्या वर्षी तिला साधे बचत खाते स्वतःच्या सहीने चालवण्याचा अधिकार मिळतो. म्हणून जुने खाते बंद करू नका. त्यात ५०० रुपयांची किमान शिल्लक ठेवावीच लागते. ती राहू द्या, आणि दहा वर्षांची झाल्यावर मुलीला स्वतः खिडकीपाशी जाऊन स्लिप भरू द्या. चौथीच्या वर्गातील शिक्षकांना माझी विनंती आहे की, हजेरीपटावरील जन्मतारखा पाहून ज्या मुलींचे दहावे वर्ष पूर्ण व्हायचे आहे त्यांच्या पालकांना आधीच सूचना द्यावी.

एक खाते दुसऱ्यात रूपांतरित होत नाही. नवे खाते उघडून जुन्यातील रक्कम काढून त्यात भरायची असते. हे दोन्ही व्यवहार महिन्याच्या पहिल्या पाच दिवसांत उरकावेत. साध्या खात्याचे व्याज दहा तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकेवर मिळते, समृद्धी खात्याचे पाच तारखेनंतरच्या सर्वांत कमी शिलकेवर. पंचवीस तारखेला पैसे काढून भरणाऱ्याला त्या महिन्याचे व्याज दोन्हींकडे मिळत नाही.

कागदपत्रांत अडचण बहुधा जन्मदाखल्याची येते. बारशापूर्वी नोंद झालेली असली तर दाखल्यावर मुलीचे नावच नसते. ते आधी घालून घ्यावे.

आणखी एक. ज्यांचे वडील बोटीवर किंवा आखातात नोकरीला आहेत, अशा मुलींची खाती आजोबांनी मोठ्या मायेने उघडलेली आढळतात. आजोबा कायदेशीर पालक नसतील, तर अशा खात्याचे पालकत्व आईवडिलांच्या नावे करून घेणे आवश्यक आहे. केंद्राच्या या सूचना १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाल्या. आजोबांनी यात अपमान मानू नये, भरणा करायला त्यांना कोणी अडवीत नाही. ही योजना भारतात राहणाऱ्या भारतीय मुलींसाठी आहे, तेव्हा परदेशी स्थायिक होण्याचा विचार असलेल्या कुटुंबांनी खाते उघडण्यापूर्वीच टपाल कार्यालयात चौकशी करावी.

मुलांचे काय, असे मागून कोणी विचारले. त्यांना हे खाते नाही. त्यांच्यासाठी पाच वर्षांचे आवर्ती ठेव खाते आहे, महिना शंभर रुपयांपासून. दीर्घ मुदतीसाठी सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीही आहे.

शेजारच्या वर्गात टपाल कर्मचारी अर्ज घेऊन बसले आहेत. ज्यांनी मुलीचा जन्मदाखला, स्वतःचे आधार व पॅन कार्ड आणि छायाचित्र आणले असेल त्यांनी तिकडे जावे. ज्यांनी आणले नसेल त्यांनी कोरा अर्ज तरी घरी न्यावा. महिन्याची आज दोन तारीख आहे.