तिन्हीसांजेचा चकवा

खालापूर तालुक्यांत मुंबई-पुणें रस्त्यावर लोधिवली हें गांव आहे. त्याच्या उत्तरेस इर्शाळगड, प्रबळगड व माथेरान यांचे डोंगर उभे आहेत. दिवस मावळूं लागला कीं डोंगरमाथ्यावर ऊन रेंगाळत असतें, पण पायथ्याच्या शेतांत काळोख दाटलेला असतो. आकाशांतून खालीं येणाऱ्या वैमानिकाची स्थिति अशीच असते. वर त्याच्या डोळ्यांना भरपूर प्रकाश मिळतो. ज्या जमिनीवर त्याला उतरावयाचें, तेथें मात्र तिन्हीसांज होऊन गेलेली असते. डोळा अंधाराला पुरता सरावण्यास सुमारें ३० मिनिटें लागतात. तेवढी सवड त्याला मिळत नाहीं.

अशा वेळीं वाटसरूला चकवा लागतो, असें आपल्याकडे म्हणतात. वैमानिकालाही चकवा लागतो. मात्र त्याचीं कारणें शास्त्रानें उलगडलीं आहेत. जमीन किती जवळ आली हें तो गवत, झाडें, धांवपट्टीचा पृष्ठभाग अशा बारीक खुणांवरून ताडतो. प्रकाश मंदावतांच प्रथम या खुणा पुसल्या जातात. मग पट्टी अजून दूर आहे असें समजून तो विमानाचें नाक वेळेवर उचलीत नाहीं, आणि चाकें आदळतात. किंवा जमीन आलीच असें समजून हवेंतच वेग कमी करतो, आणि विमान धपकन् खालीं पडतें. काळोख्या माळापलीकडे केवळ पट्टीचे दिवे दिसत असले, तर आपण फार उंचावर आहों असा भास होतो, व विमान भलतेंच खालीं येतें.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीहून अहमदाबादमार्गें जुहूस टपाल आणलें, तेव्हां त्यांच्या लहानशा पस मॉथ विमानाला रेडिओचें साह्य नव्हतें. सकाळीं निघून ते दुपारीं पोहोंचले. पावसाळ्यांत जुहूचें मैदान निकामी होई, म्हणून टपालाचा तळ पुण्यास हलवीत. ऋतूशीं आणि सूर्याशीं हुज्जत न घालणें हाच त्या काळचा शहाणपणा होता.

पुढें साधनें वाढलीं. चकवा मात्र राहिला. १४ सप्टेंबर २०२३ रोजीं सायंकाळीं ५ च्या सुमारास विशाखापट्टणमहून आलेलें लिअरजेट ४५ जातीचें छोटें विमान मुंबईस उतरत होतें. आंत ६ प्रवासी व २ वैमानिक होते. सूर्य मावळला नव्हता, पण मुसळधार पावसानें उजेड गिळला होता. दृश्यता ७०० मीटर होती. विमान पट्टीच्या उजवीकडे ढळलें, जमिनीवर आदळून मोडलें आणि पेटलें. आग विझविण्यांत आली. आठही जण वांचले. ताशीं २२० किलोमीटर वेग धरला, तर ७०० मीटर अंतर ११-१२ सेकंदांत संपतें. तेवढ्यांत पट्टी ओळखावयाची, आपण तिच्या मध्यरेषेवर आहों कीं नाहीं हें पाहावयाचें, आणि उतरावयाचें कीं नाहीं हेंही ठरवावयाचें!

चकव्यावर उतारे आहेत. पुष्कळ पट्ट्यांच्या कडेला चार दिव्यांची ओळ असते. दोन पांढरे व दोन तांबडे दिसले तर उतरण योग्य. चारही तांबडे दिसले तर विमान फार खालीं आलें, असें समजावें. रेडिओच्या लहरी पट्टीची दिशा व उतार दाखवितात. परंतु सर्वच लहान विमानतळांवर हीं साधनें नसतात, आणि असलीं तरी शेवटचे कांहीं क्षण बहुधा डोळ्यांवरच विसंबावें लागतें.

म्हणूनच सर्वांत मोठा उतारा म्हणजे माघार. ठराविक उंचीपर्यंत पट्टी स्पष्ट न दिसल्यास यंत्राला जोर देऊन पुन्हां वर चढावें, आणि इंधन पुरेल तोंच दुसरा तळ गांठावा, हा नियम आहे. तो पाळणें कठीण जातें, कारण घर समोर दिसत असतें, प्रवाशांना घाई असते आणि माघार हा कमीपणा वाटतो. पाळीव धीर इथें कामाचा नाहीं. नकार देण्याचा धीर लागतो. विमान न उतरतां परत वर चढलें, तर आंत बसलेल्यांनीं व खालीं वाट पाहणाऱ्यांनीं रागावूं नये. वैमानिकानें त्या क्षणीं चकवा ओळखला आहे, एवढेंच समजावें.