मोडलेल्या भागाचा साचा
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



या व्यासपीठावरून आपण विद्वानांची भाषणे ऐकता. मी कारखान्यात कानस चालविण्यात आयुष्य घालविलेला मनुष्य. सबब एका चकतीचीच हकीकत सांगतो.

आपल्या ज्ञातीतील एक भगिनी शिवणकामावर दोन मुलांचे शिक्षण करीत आहेत. २०२३ साली त्यांच्या यंत्रावरील टाका लहानमोठा करण्याची प्लास्टिकची चकती फुटली. सुटा भाग मिळेना. दुरुस्तीवाल्याने नवे यंत्र घेण्याचा सल्ला दिला. सल्ल्याला पैसे पडत नाहीत! बाई तुकडे रुमालात बांधून माझ्याकडे आल्या.

ओतकाम आपल्यापैकी पुष्कळांच्या घराण्यात होते. मेणाचा नमुना करावा, त्यावर माती लिंपावी, मेण वितळवून धातू ओतावा आणि शेवटी साचा फोडावा, ही जुनी रीत. सिलिकोन रबराचा साचा फोडावा लागत नाही. तो वाकवून वस्तू सोडविता येते व पुन्हा वापरता येतो. मात्र तो बोटाचा ठसादेखील उमटवितो. नमुन्यातील दोष जसाच्या तसा पुढे जातो. म्हणून खरे श्रम नमुन्याचेच. तुकडे चिकटवून भेगा लांबीने बुजविल्या आणि घासल्या. आतील छिद्र झिजले होते. यंत्राच्या दांड्यालाच तेल लावून, छिद्रात लांबी भरून चकती त्यावर बसविली. लांबी सुकल्यावर छिद्र हुबेहूब उतरले.

पुढे माझी फजिती झाली. चकती कडेपर्यंत मातकामाच्या मऊ मातीत रोवून वर सिलिकोन ओतले. दुसऱ्या दिवशी पाहतो तो मातीलगतचा थर चिकटच! प्लॅटिनमच्या योगाने घट्ट होणाऱ्या सिलिकोनला गंधकाचे वावडे असते, आणि माझ्या मातीत गंधक होते. सारे पुसून, नमुना धुऊन, गंधकविरहित माती आणून पुन्हा आरंभ केला. ओतताना धार बारीक व उंचावरून धरावी, म्हणजे बुडबुडे फुटतात. पहिला अर्धा साचा घट्ट झाल्यावर तो उलटा करून माती काढली आणि त्यावर व्हॅसलीन चोपडले. हे विसरल्यास दोन्ही अर्धे एकजीव होतात. मग ओतण्याची व हवा सुटण्याची अशा दोन वाटांसाठी दोन नळ्या उभ्या करून दुसरा अर्धा ओतला. त्यातील सिलिकोन छिद्रात शिरून त्याचाच गाभा तयार झाला.

भरण्यास पॉलियुरेथेनचे दोन द्रव घेतले. ते एकत्र केल्यावर काही मिनिटांतच घट्ट होऊ लागतात. तेव्हा दाराशी कोणी हाक मारली तरी उठू नये. पावसाळी दमट हवेत डबा उघडा राहिल्यास मालाला फेस येतो. त्यातील आयसोसायनेट फुप्फुसांस अपायकारक आहे. खिडक्या उघड्या असाव्यात, हातमोजे घालावेत, मुलांना जवळ येऊ देऊ नये. भार वाहणारी दातेरी चाके, विजेचे वा तापणारे भाग आणि अन्नाची भांडी यांसाठी हा उद्योग करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिल्या चकतीत कडेला हवा अडकली. दुसरी ठीक उतरली. ती दांड्यावर बसवून बाईंनी एका झबल्याची शिवण घातली, टाके मोजले, आणि "भाऊ, आणखी एक काढून ठेवा" एवढेच म्हणाल्या. ती जादा चकती त्यांच्या शिवणपेटीत आहे. साचा माझ्याकडे आहे. तसलेच यंत्र कोणाच्या घरी असल्यास सभा संपल्यावर मला भेटावे.