आपल्या मयताची तजवीज आपणच करावी



मरणाचें नांव काढलें कीं आपण "अभद्र बोलूं नका" म्हणतों. पण मयत दारांत असतां पोरगा लांकडांच्या पैशांकरितां सावकाराच्या ओट्यावर बसतो, तें अभद्र नव्हे काय? त्या घटकेला व्याजाचा दर कोण विचारतो?

जोतीराव फुल्यांनीं ही गोष्ट जिवंतपणींच हातीं घेतली. १८८७ सालीं मृत्युपत्रांत आपणांस दहन न करितां मिठांत पुरावें असें लिहिलें, घरामागें खड्डाही खणवून ठेविला. १८९० च्या नोव्हेंबरांत ते वारले, तेव्हां राहत्या वस्तींत पुरण्यास म्युनिसिपालिटीनें परवानगी दिली नाहीं. दहनच करावें लागलें. टिटवें सावित्रीबाईंनीं धरिलें. म्हणून इच्छा लिहा, पण परवानगीचीही आधींच चौकशी करा.

आतां पैसा. तो एकट्याच्या बँकखात्यांत ठेवूं नका. धनी गेला कीं दाखले नि अर्ज यांत दिवस जातात, आणि लांकडें तर त्याच सांजेला लागतात! खातें नवराबायको दोघांच्या नांवें, दोघांपैकीं कोणासही किंवा मागें राहील त्यास पैसे काढतां येतील, अशा अटीचें करा. खर्च कागदावर मांडा: लांकूड, कापड, मडकें, गाडी. तेराव्याचें गांवजेवण त्यांत घालूं नका. तें मेलेल्याला पोंचत नाहीं, सावकाराला मात्र बरोबर पोंचतें.

आणि तो कागद कोठें ठेविला हें सुनेलाही सांगून ठेवा. मुलगा त्या वेळीं रानांत असेल.