जुना फोटो उजळताना आजीचं गोंदण जपा

ट्रंकेच्या तळाशी आपल्या प्रत्येकीकडं आईचा, आजीचा एखादा जुना फोटो असतोच. बहुतेकदा एकुलता एक. तो स्कॅन करून मोठा करायला आपण तालुक्याला देतो. परत येतो तेव्हा नाक-डोळे ठसठशीत, पण गालावर जणू वाळू सांडलेली. असं का होतं, ते आज आम्ही सांगणार आहोत.

जुन्या काळ्या-पांढऱ्या फिल्मवर चित्र उमटतं ते चांदीच्या बारीक कणांनी. म्हणून फोटो मोठा केला की थोडा रवाळ दिसणारच. संगणकावर फोटो ‘शार्प’ करतात, म्हणजे उजेड-सावलीच्या सीमेवरची कड ठळक करतात. पण पापणीची कड कुठली आणि कणाची कुठली, हे त्याला कळत नाही. तो दोन्ही उठवतो.

मग स्टुडिओवाल्या दादांना काय सांगायचं?

निगेटिव्ह असेल तर छापील फोटोऐवजी तीच स्कॅन करायला द्या. ती कडेनं धरा, बोटं उमटू देऊ नका.

स्कॅन करताना मशीनचं शार्पनिंग बंद ठेवायला सांगा. मूळ स्कॅन तसंच जपा, काम दुसऱ्या प्रतीवर करा.

गिंप या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्येही ‘अनशार्प मास्क’ असतो. त्यातलं ‘अमाउंट’ कमी ठेवायचं आणि ‘थ्रेशोल्ड’ थोडं वाढवायचं. थ्रेशोल्ड म्हणजे उंबरठाच. तो उंच केला की कणांचे बारीक फरक बाहेरच राहतात, डोळ्यांची ठळक कड तेवढी आत येते.

त्यातूनही डोळे, ओठ, केस, लुगड्याचा काठ एवढंच शार्प करा. गाल आणि मागची भिंत सोडून द्या.

उलटी चूकही नको. कण पार पुसायला गेलं तर हनुवटीवरचं गोंदण आणि देवीचे व्रणही पुसले जातात. मोबाइलवरची काही ॲप तर नसलेले बारकावे स्वतःच भरतात. चेहरा गुळगुळीत होतो, पण तो आपल्या आजीचा राहत नाही.

म्हणून मोठी प्रत काढण्याआधी छोटी छापून बघा. जिनं आजीला पाहिलंय तिच्या हातात द्या. ती ‘हीच गं!’ म्हणाली, की मगच फ्रेम करा.