तीन, दोन, एक

कोल्हापूरजवळच्या शिरोलीत किंवा पुण्याच्या भोसरीत एखाद्या मशीन शॉपमध्ये डोकावलंत, तर मिलिंग मशीनच्या टेबलावर जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, धरून ठेवणारा एक लोखंडी सांगाडा दिसेल. हे फिक्श्चर.

जॉब आवळणं हे त्याचं दुसरं काम. पहिलं काम, प्रत्येक जॉब नेमका त्याच जागी बसवणं. त्याचा हिशेब तीन-दोन-एक असा: खाली 3 टेकू, बाजूला 2, टोकाला 1. खाली चार का नकोत? तिपाई खडबडीत जमिनीवरही डुगडुगत नाही. चार पायांचं टेबल डुगडुगतं. आणि फाउंड्रीतून आलेलं कास्टिंग कुठे गुळगुळीत असतं! सरकणं आणि फिरणं धरून जॉबला हलायच्या 12 वाटा असतात. हे सहा टेकू त्यांतल्या 9 अडवतात, उरलेल्या 3 आवळणारे क्लॅम्प.

क्लॅम्प टेकूच्या बरोब्बर वर हवा. अधांतरी भागावर आवळला, तर पातळ जॉब वाकतो, वाकलेलाच सपाट कापला जातो आणि क्लॅम्प सोडताच उसळून वाकडा होतो. बोलणी ऑपरेटरला बसतात. माझ्या मते चूक फिक्श्चर आखणाऱ्याची.

आणखी एक. टेकू उंच आणि लहान तोंडाचे ठेवावेत. रुंद टेकूवर कापलेल्या धातूचा कीस साचतो. त्यातला एक कण जॉबखाली अडकला, तरी माप चुकतं. कामगार दर जॉबला ब्रश फिरवतो, तो यासाठीच.